भिंग म्हातारं होतं तेव्हा

चष्म्याला आपण आजही 'काच बदलून आणली' असंच म्हणतो. प्रत्यक्षात आज दुकानातून जे मिळतं त्यात काच क्वचितच असते. तुमच्या नाकावरची दोन्ही भिंगं बहुतेक प्लास्टिकची असतील. घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर त्यांच्या डोळ्याच्या आत बसवलेलं भिंगही प्लास्टिकचंच आहे. काच गेली कधी, प्लास्टिक आलं कुठून, आणि हे प्लास्टिक मुंबईच्या हवेत, कारखान्याच्या धुळीत, किंवा डोळ्याच्या आत किती वर्षं टिकतं, याचा इतिहास मोठा रंजक आहे. एक डॉक्टर म्हणून मला तो महत्त्वाचाही वाटतो. भिंग खराब झालं की माणसाला वाटतं आपला डोळा गेला. आणि डोळा खरंच जात असतो तेव्हा माणूस भिंगाला दोष देत बसतो. दोन्ही गोष्टी मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

काचेचा काळ

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी हा सगळा भाग गिरणगाव झाला. कोकणातून आणि घाटावरून आलेली पोरं विशीत गिरणीत लागायची आणि साठीला बाहेर पडायची. चाळिशी ओलांडली की जवळचं दिसायला त्रास होतो, हा निसर्गाचा नियम आहे. साच्यावर तुटलेला धागा शोधून जोडायचा, तोही पंचेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे चष्मा आलाच.

तो चष्मा काचेचा असायचा. काचेचे गुण मोठे. तिच्यावर सहसा ओरखडा पडत नाही, पिवळेपणा येत नाही, रॉकेलने पुसा की सोड्याने धुवा, तिला फरक पडत नाही. पण गिरणीची हवा वेगळीच होती. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून विणकाम खात्यात मुद्दाम पाण्याचे फवारे सोडून हवा दमट ठेवत. त्या दमट उकाड्यात कापसाची तूस उडत असे. या धुळीने कामगारांच्या छातीची काय दशा केली तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. चष्म्यापुरतं सांगायचं तर काच टिकायची, पण तिच्याभोवतीची धातूची फ्रेम घामाने आणि दमटपणाने हिरवी पडायची. आणि काचेची मोठी खोड अशी, की ती फुटली तर तुकडे थेट डोळ्याकडे जातात.

दुसरी खोड वजनाची. चष्म्याची साधी काच पाण्याच्या अडीचपट जड असते. तेव्हा मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात नवं भिंग बसवत नसत. डोळ्याचं स्वतःचं भिंग काढून टाकायचं आणि वर साधारण अधिक दहा नंबरचा जाड चष्मा द्यायचा, ही रीत होती. ज्यांचं बालपण चाळीत गेलं त्यांना असे आजोबा आठवत असतील. भिंगामागे त्यांचे डोळे बशीएवढे दिसायचे. त्यांनाही जग पाव हिश्श्याने मोठं दिसायचं, आणि बाजूने येणारं माणूस एकदम समोर उगवल्यासारखं भासायचं. नाकावर दोन्ही बाजूंना खोल खळगे पडायचे ते वेगळेच.

विमानातून नाकावर

प्लास्टिकचं भिंग दुसऱ्या महायुद्धातून आलं, आणि तेही दोन वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट विमानाच्या पेट्रोलच्या टाकीतून गेली. १९४० च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया नावाने काही पारदर्शक राळी तयार केल्या जात होत्या. त्यांतली ३९ क्रमांकाची राळ सर्वांत सरस निघाली. तिचं नाव पडलं सीआर-३९. बी-१७ या बॉम्बफेकी विमानाच्या इंधनटाक्या हलक्या आणि मजबूत करण्यासाठी ती वापरली गेली. युद्ध संपल्यावर या राळीचं करायचं काय, असा प्रश्न आला. १९४७ मध्ये आर्मरलाइट या कंपनीने तिची चष्म्याची भिंगं बनवायला सुरुवात केली. वजन काचेच्या जवळजवळ निम्मं, आणि दृश्य काचेइतकंच स्वच्छ. १९७२ पासून अमेरिकेत चष्म्याचं भिंग आघात सोसणारं असलंच पाहिजे असा नियम आला. सुमारे १६ मिलिमीटर जाडीची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटर उंचीवरून भिंगावर सोडायची आणि भिंग फुटता कामा नये, अशी ती परीक्षा. साध्या पातळ काचेला ती जड गेली आणि प्लास्टिकची चलती झाली.

दुसरी राळ थोडी उशिरा आली. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचे हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स या दोघांनी एकमेकांना ठाऊक नसताना पॉलिकार्बोनेट शोधून काढलं. ते सहजासहजी फुटत नाही. म्हणून लहान मुलांचे चष्मे, खेळाडूंचे चष्मे, कारखान्यातले सुरक्षा गॉगल आणि हेल्मेटच्या पुढची काच यांत आज पॉलिकार्बोनेट वापरतात.

ही दोन्ही 'प्लास्टिक'च, पण स्वभावाने अगदी निराळी. सीआर-३९ इडलीसारखं आहे. एकदा वाफवली की इडलीचं परत पीठ होत नाही. या राळीचे रेणू साच्यात एकमेकांना असे गुंफले जातात की नंतर ते वितळत नाहीत आणि बहुतेक द्रावणांना दाद देत नाहीत. पॉलिकार्बोनेट मेणासारखं आहे. तापवलं की मऊ होतं आणि हवा तो आकार घेतं. म्हणूनच काही रसायनं त्याच्या रेणूंमध्ये शिरू शकतात. दुकानात 'अनब्रेकेबल' शब्द ऐकून आपण खूश होतो, पण कशाने न तुटणारं, हा प्रश्न विचारत नाही.

मुंबईत भिंगाचे शत्रू

काचेवर सहसा काही चढवावं लागत नसे. प्लास्टिकवर चढवावं लागतं. ओरखडे पडू नयेत म्हणून एक कडक थर, आणि चकाकी कमी व्हावी म्हणून त्याच्यावर धातूंच्या ऑक्साइडचे अतिशय पातळ थर. चकाकी कमी करणाऱ्या थराची युक्ती जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढली, ती मुळात काचेच्या भिंगांसाठी. तीच पुढे प्लास्टिकवर आली आणि तिथे कुरबूर सुरू झाली.

कारण सोपं आहे. तापलं की प्लास्टिक काचेच्या साधारण सात ते दहापट प्रसरण पावतं. वरचा थर मात्र काचेच्या जातीचा, त्याला तेवढं ताणता येत नाही. मग तो तडकतो. दुपारी उन्हात बंद गाडी उभी केली तर डॅशबोर्डचं तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. तिथे विसरलेला चष्मा संध्याकाळी उचलला की भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. खानावळीच्या भटारखान्यात कढईवर वाकून वडे तळणाऱ्याचा चष्मा, पावाच्या भट्टीसमोर उभं राहणाऱ्याचा चष्मा, घरात कुकरची वाफ रोज तोंडावर घेणाऱ्या गृहिणीचा चष्मा, सगळ्यांच्या नशिबी हीच जाळी. चष्मा कढत पाण्याने धुणाऱ्यांचंही तेच होतं.

दुसरा शत्रू दमटपणा आणि मीठ. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पाणी प्लास्टिकमध्ये थोडं थोडं मुरतं आणि थरांच्या कडेने आत शिरतं. भिंग फ्रेमच्या मापात घासलेलं असतं, तिथे कडा उघडी असते. म्हणून थर सुटायला सुरुवात बहुधा कडेपासून होते. गिरगाव चौपाटीला किंवा मरीन ड्राइव्हला रोज फेरी मारणाऱ्यांच्या चष्म्यावर समुद्राचं मीठ बसतं. मिठाचे कण वाळले की टोकदार असतात. त्यावर सदऱ्याचं टोक फिरवलं की पॉलिश पेपरने घासल्यासारखंच झालं.

तिसरा शत्रू रसायनं, आणि तो सर्वांत फसवा. लालबाग-परळच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत आषाढापासून रात्रीचा दिवस होतो. स्प्रेगनने रंग मारायचा, गन थिनरने धुवायची, हातही थिनरने पुसायचे आणि त्याच फडक्याने चष्मा. असे कारागीर माझ्याकडे येतात ते खोकला आणि अंगावरच्या पुरळासाठी. बोलता बोलता म्हणतात, 'डॉक्टर, नंबर पण वाढलाय, आखणी करताना रेघ दोन दिसते.' मूर्तीच्या डोळ्यांची आखणी म्हणजे सगळ्यांत नाजूक काम. तिथे रेघ हलली तर मूर्तीचा भावच बदलतो. चष्मा हातात घेऊन दिव्याकडे तिरका धरला, तर पुष्कळदा भिंगच दुधाळ झालेलं दिसतं. नंबर तोच असतो.

थिनर आणि अ‍ॅसिटोन यांना सीआर-३९ बऱ्यापैकी तोंड देतं. पॉलिकार्बोनेटला ती चालत नाहीत. वरच्या थराला ओरखडा असेल तर द्रावण तिथून आत जातं, पृष्ठभाग पांढुरका होतो आणि जिथे भिंगावर ताण आहे तिथे, म्हणजे स्क्रूच्या भोकाशी किंवा फ्रेमच्या कोपऱ्याशी, तडे जातात. अमोनिया असलेले काच पुसायचे फवारे आणि कडक धुण्याचा सोडा यांचाही पॉलिकार्बोनेटवर असाच वाईट परिणाम होतो.

यात खरा धोका पुढे आहे. सुरक्षा गॉगल पॉलिकार्बोनेटचा असतो तो मार सोसावा म्हणून. थिनरने त्यात सूक्ष्म तडे गेले की त्याची मार सोसायची ताकद कमी होते, पण दिसायला तो फक्त थोडा धूसर दिसतो. ग्राइंडरची चकती फुटून तुकडा उडेल त्या दिवशी तो कामगार ज्या गॉगलवर विसंबलेला असेल, तो आधीच आतून मोडलेला असेल. म्हणून वर्कशॉप चालवणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो: जाळी पडलेला गॉगल पुसून परत वापरू नका, फेकून द्या.

न्याय म्हणून हेही सांगितलं पाहिजे, की सगळीकडे काच वरचढ नव्हती. वेल्डिंगच्या किंवा ग्राइंडरच्या ठिणग्यांतले तप्त लोखंडाचे कण काचेवर चिकटून बसतात आणि खड्डे पाडतात. सीआर-३९ वर ते तेवढे चिकटत नाहीत. प्रत्येक पदार्थाचा शत्रू वेगळा, एवढंच.

चौथा शत्रू ऊन. अतिनील किरण वर्षानुवर्षं पडत राहिले की प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि रंग पिवळट होतो. हे इतकं हळू होतं की वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. नवा चष्मा घातल्यावर 'भिंत किती पांढरी दिसते' असं जे वाटतं, त्याचं एक कारण हेही असतं.

डोळ्याच्या आतलं हवामान

दुसरी वाट वैमानिकाच्या डोळ्यातून गेली. इंग्लंडच्या लढाऊ विमानांच्या वैमानिकाच्या डोक्यावर पर्स्पेक्स या ॲक्रिलिक प्लास्टिकचं आच्छादन असे. १५ ऑगस्ट १९४० रोजी गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानाचं हे आच्छादन गोळीबारात फुटलं आणि तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत हॅरल्ड रिडली हे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांच्या लक्षात आलं, की काचेचा तुकडा डोळ्यात गेला तर डोळा लाल होऊन पेटतो, पण हे प्लास्टिक आत राहूनही डोळा शांत राहतो. मग मोतीबिंदू काढल्यावर त्या जागी याच प्लास्टिकचं भिंग का बसवू नये?

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रिडलींनी असं भिंग डोळ्यात बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. ते भिंग रेनर या कंपनीने बनवलं. त्यासाठी पर्स्पेक्सही खास शुद्ध करून घ्यावं लागलं, कारण नेहमीच्या पर्स्पेक्समध्ये उरलेली कच्ची रसायनं डोळ्याला सोसली नसती. पुढची कित्येक वर्षं रिडलींना व्यवसायबंधूंचा कडवा विरोध सहन करावा लागला.

आपल्याकडे ही भिंगं दीर्घकाळ परदेशातून यायची आणि सामान्य माणसाला परवडत नसत. १९९२ मध्ये मदुराईला ऑरोलॅब सुरू झाली, भिंगं देशातच बनू लागली आणि किंमत पार खाली आली. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूची जी मोठी मोहीम राबवली गेली, त्यात महाराष्ट्र होता. बशीएवढ्या डोळ्यांचे आजोबा त्यानंतर हळूहळू दिसेनासे झाले.

आता प्रश्न असा, की डोळ्याच्या आत ना धूळ, ना थिनर, ना कढई. मग तिथे भिंग खराब कशाने होईल? पण आतही एक हवामान आहे. सदोतीस अंशाच्या आसपास उबदार, कायम पाण्यात, त्या पाण्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट, आणि समोरून रोजचा प्रकाश. तो चाळीस वर्षं पडायचा असतो.

१९८० च्या दशकात आणि १९९० च्या सुरुवातीला बसवलेल्या काही ॲक्रिलिक भिंगांत दहा-पंधरा वर्षांनी हिमकणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. २००२ मध्ये अमेरिकेतले डेव्हिड ॲपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. ठिपके भिंगाच्या मधल्या भागात जास्त होते आणि बुबुळाच्या आड झाकलेल्या कडेला कमी. म्हणून संशय अतिनील किरणांवर गेला. त्याच सुमारास घडी घालून छोट्या छेदातून आत सरकवता येणाऱ्या, पाणी धरणाऱ्या ॲक्रिलिक भिंगांच्या काही प्रकारांत कॅल्शियमचे क्षार साठून भिंग दुधाळ होत असल्याचं दिसलं. एका प्रकारात त्याचा संबंध चक्क भिंगाच्या डबीतल्या सिलिकोनच्या भागाशी निघाला. त्यातून धडे घेऊन पदार्थ आणि वेष्टन बदललं गेलं, आणि अतिनील किरण शोषणारी भिंगं आता नेहमीची झाली आहेत. असा बिघाड दुर्मिळ आहे. ऑपरेशन झालेल्यांनी हे वाचून घाबरू नये.

धूसरपणा नेमका कुठे आहे?

हा सगळा इतिहास सांगायचं कारण हा प्रश्न आहे. डोळ्यातल्या भिंगाचंच पाहा. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा अंधूक दिसू लागलं, तर बहुतेक वेळा भिंगामागचं नैसर्गिक पातळ आवरण जाड झालेलं असतं. त्याला लेझरने खिडकी पाडली की काम होतं. पण धूसरपणा भिंगातच असेल तर लेझरचा उपयोग होत नाही, उलट आवरण उघडलं गेल्याने पुढे भिंग बदलणं अवघड होतं. म्हणून आधी धूसरपणाची जागा शोधायची, मग उपचार.

चष्म्याच्या बाबतीत ही तपासणी तुम्ही घरीच करू शकता. चष्मा काढा, काळ्या कापडासमोर धरा आणि बाजूने मोबाइलचा दिवा टाका. जाळी, दुधाळपणा, ओरखडे लगेच दिसतील. मग एकेक डोळा झाकून आधी चष्म्याने आणि नंतर चष्म्याशिवाय दूरच्या दिव्याकडे पाहा. चष्मा लावल्यावर दिव्याभोवती पसरट झळाळी येत असेल आणि काढल्यावर ती जात असेल, तर दोष भिंगाचा. चष्मा काढूनही धूसरपणा, कडी किंवा झळाळी तशीच राहिली, तर दोष भिंगात शोधू नका. मोतीबिंदू असू शकतो, काचबिंदू असू शकतो, मधुमेहाने दृष्टिपटलावर परिणाम केलेला असू शकतो. रक्तातली साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबर काही दिवस बदलतो, हेही लक्षात ठेवा. मधुमेह असलेल्यांनी साखर आटोक्यात आल्याशिवाय नवा चष्मा करू नये, आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

डोळ्यासमोर अचानक पडदा आल्यासारखं वाटणं, विजा चमकणं, काळे ठिपके एकदम वाढणं, किंवा डोळा लाल होऊन दुखणं आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं, यांपैकी काहीही झालं तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

राहिला चष्मा टिकवण्याचा प्रश्न. आधी नळाच्या साध्या पाण्याखाली धरून धूळ आणि मीठ वाहू द्या, मग साबणाचा एक सौम्य थेंब, मग मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड. कोरडा चष्मा सदऱ्याला, पदराला किंवा लुंगीला पुसू नका. गाडीत, गॅसच्या ओट्याजवळ किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. रंगकाम करणाऱ्यांनी चष्म्याचं फडकं वेगळं ठेवावं आणि थिनरचं वेगळं. आणि पुढच्या वेळी चष्मा करायला जाल तेव्हा फ्रेमच्या रंगाआधी दोन गोष्टी सांगा आणि विचारा. मी दिवसभर कुठे काम करतो ते सांगा, आणि हे भिंग नेमकं कशाचं आहे ते विचारा. भिंगाचं नाव बिलावर लिहून घ्या. दोन वर्षांनी भिंग दुधाळ झालं, तर ते कशाने झालं हे कळायला तेवढा कागद पुरेसा असतो.